पाळी गेल्यानंतरचा रक्तदाब आणि रोजची वीस मिनिटं



गेल्या वर्षी आमच्या शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होती. मुलांचं आटोपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बाई, या बसा, तुमचंही बीपी बघून टाकते." स्टाफरूममध्ये आम्ही सातजणी होतो. त्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या चौघींपैकी तिघींचा वरचा आकडा १४० च्या पुढे निघाला. माझा १५८ होता. तिघींनाही काही त्रास होत नव्हता. म्हणजे डोकं जड होणं, एकदम घाम फुटणं, रात्री झोप मोडणं हे होतंच, पण आम्ही सगळ्यांनी ते 'पाळी जातानाचं' म्हणून सोडून दिलं होतं.

आजचा पाठ त्यावरच आहे. दहावीला प्रजननसंस्था शिकवताना रजोनिवृत्ती आपण दोन-चार वाक्यांत उरकतो. पाळी थांबते, संप्रेरकं कमी होतात, पुढचा मुद्दा. त्यानंतर बाईच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं हे परीक्षेत येत नाही, त्यामुळे आपणही वाचत नाही. आणि दुसरं म्हणजे शिथिलीकरण, ज्याला आपण ढोबळमानाने शवासन म्हणतो, त्याने बीपी उतरतं का, किती उतरतं, आणि ते नीट करायचं कसं, हे समजून घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल दोनच प्रकारचे निरोप फिरतात. एकात शवासनाने गोळ्या सुटतात, दुसऱ्यात ते सगळं थोतांड आहे. खरं या दोन्हींच्या मधे आहे.

पाळी गेली की बीपी का वाढतं?

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं. त्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन बरंच कमी होतं.

इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयापुरतं नसतं. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. तो थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडतो आणि त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंदावते. इस्ट्रोजेन या कामाला मदत करतं. ते कमी झालं की वाहिन्या पूर्वीइतक्या सहज सैल होत नाहीत. बागेतली रबरी नळी नवी असताना पाण्याच्या जोराबरोबर थोडी फुगते, जुनी झाली की कडक होते आणि त्याच पाण्याचा दाब जास्त जाणवतो, तसंच हे. म्हणून या वयात आधी वाढतो तो बहुधा वरचा आकडा.

याच काळात आणखी दोन-तीन गोष्टी घडतात. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला लागतात, म्हणजे चाळिशीत पचलेलं लोणचं पन्नाशीनंतर बीपीत दिसतं. चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते. आणि अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी हृदय जोरात चालवणारी आणि वाहिन्या आवळणारी मज्जातंतूंची यंत्रणा, जास्त वेळ चालू राहते. रात्री दोनदा-तीनदा अंग तापून जाग येत असेल तर या यंत्रणेला उसंत मिळतच नाही.

यातलं पाळी गेल्यामुळे किती आणि नुसत्या वयामुळे किती, हे वेगळं काढणं कठीण आहे, कारण दोन्ही एकाच वेळी घडतं. मात्र एवढं दिसतं की तरुणपणी बायकांचं बीपी त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतं, आणि साठीच्या पुढे ते पुरुषांना गाठतं, नंतर ओलांडतंही. 'बीपी हा पुरुषांचा आजार' हा आपल्या घराघरातला समज इथेच चुकतो. घरात बीपीचं मशीन असतं ते बहुतेक वेळा सासऱ्यांसाठी किंवा यजमानांसाठी घेतलेलं असतं. त्याच कपाटासमोर रोज उभी राहणारी बाई स्वतःच्या दंडाला तो पट्टा कधी लावत नाही.

आधी आकडा नीट घ्या

शिथिलीकरणाचा उपयोग झाला की नाही हे ठरवायचं तर मोजमाप बरोबर हवं. माझे १५८ मी जिना चढून, सिस्टरशी बोलत बोलत, पाय लोंबकळत ठेवून मोजून घेतले होते. ते चूकच होतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, 'भाजीत मीठ घातलंस का' एवढंही नाही, बोलल्याने आकडा चांगलाच चढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस सकाळ-संध्याकाळ करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी येत असेल तर ते उच्च रक्तदाबात धरतात. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. माझी घरची सरासरी १४८/९२ आली. म्हणजे स्टाफरूममधला आकडा फुगलेला होता, पण बीपी खरंच होतं.

मुंबईतला एक जुना प्रयोग

शवासन आणि बीपी यांची सांगड शास्त्रीय पद्धतीने घालायचा सुरुवातीचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या मुंबईत झाला, हे फार जणांना माहीत नसतं. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात ४७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना रोज तीस मिनिटं शवासन शिकवलं होतं. पाठीवर झोपून पाय थोडे फाकवलेले, हात अंगापासून जरा दूर, पोटाने संथ श्वास, श्वास घेतल्यावर छोटा थांबा आणि सोडल्यावर त्याहून थोडा मोठा. लक्ष नाकपुड्यांकडे, आत येणारी हवा थंड आणि बाहेर जाणारी कोमट लागते तिकडे. बहुतेकांना हे नीट जमायला तीनेक आठवडे लागले.

ज्यांना कुठलंच औषध चालू नव्हतं त्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. इथे थांबून एक गणित करू, कारण हा आकडा लोक चुकीचा वाचतात. हा वरचा आकडा नव्हे. वरच्या आणि खालच्या आकड्यातल्या फरकाचा एक तृतीयांश खालच्या आकड्यात मिळवला की सरासरी दाब मिळतो. १२०/८० चा येतो सुमारे ९३. मग १३४ म्हणजे जवळपास १८०/१११ आणि १०७ म्हणजे जवळपास १४०/९०. वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखं उदाहरण आहे.

आकडा वाचून मी हरखले होते. पण या अभ्यासात एक उणीव होती. शवासन न करणारा, तुलनेसाठीचा गट त्यात नव्हता. आपण शिक्षक, आपल्याला हे लवकर समजेल. पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी गुण पडलेली दहा मुलं निवडा, त्यांना काहीही जादा शिकवू नका, तरी दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी थोडी वर जाते. कारण पहिल्या दिवशी कुणाला ताप होता, कुणाचा पेपर अर्धा राहिला होता. बीपीचंही तसंच. ज्या दिवशी जास्त आलं त्या दिवशी माणसाला निवडलं, की पुढच्या वेळी ते आपोआप काही अंशी उतरलेलं दिसतं. शिवाय मशीनची, दवाखान्याची भीती सवयीने मोडते.

ही उणीव भरून काढायचा प्रयत्न इंग्लंडमध्ये भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी केला. त्यांचा १९७५ चा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला सहा आठवडे योगातलं शिथिलीकरण शिकवलं, सोबत शरीर किती सैल झालंय हे कळवणारं यंत्र. दुसऱ्या गटाला फक्त 'शांत पडून राहा' असं सांगितलं. पहिल्या गटाचं बीपी १६८/१०० वरून १४१/८४ झालं. दुसऱ्याचं १६९/१०१ वरून १६०/९६. नुसतं पडून राहणाऱ्यांचंही नऊने उतरलं, ते लक्षात घ्या. पण शिकून केलेल्यांचं सत्तावीसने उतरलं.

त्यानंतर जगभर असे बरेच प्रयोग झाले. २००८ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २५ प्रयोग एकत्र केले, तेव्हा सरासरी घट निघाली वरच्या आकड्यात सुमारे ५.५ आणि खालच्यात ३.५. आढावा घेणाऱ्यांनी हेही स्पष्ट लिहिलं की बरेचसे प्रयोग फारसे पक्के नव्हते, आणि तुलनेच्या गटालाही काहीतरी खोटा-खोटा उपचार दिला की फरक आणखी लहान होतो.

तर माझं मत असं. शिथिलीकरण ही बीपीची गोळी नाही. पाचेक अंकांचा फायदा धरून चाला, कुणाला जास्त होईल, कुणाला काहीच नाही. पण झोप सुधारणं, छातीतली धडधड कमी होणं, अंग तापून आल्यावर घाबरं न होणं, हे फायदे बीपीच्या वहीत येत नाहीत आणि पाळी गेलेल्या बाईला तेच आधी जाणवतात. मला तरी तसंच झालं.

करायचं कसं?

'शवासन करा' म्हटलं की आपण आडवे होतो आणि मनात उद्याचा डबा, शाळेची ऑनलाइन माहिती, मुलाची फी सुरू होते. दहा मिनिटांनी उठतो ते जबडा घट्ट आवळूनच. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांच्या हे लक्षात आलं होतं की आपले स्नायू ताणलेले आहेत हेच माणसाला कळत नसतं. म्हणून त्यांनी क्रमाक्रमाने स्नायू सैल करायची पद्धत बसवली, १९२९ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. आधी स्नायू मुद्दाम आवळायचा, तो ताण ओळखायचा, मग सोडायचा. फरक कळला की सोडणं जमतं. मला शवासन जमलं ते या पद्धतीची पायरी आधी चढल्यावर. दोन्ही मिळून अशी वीस मिनिटं होतात.

जेवणानंतर निदान दोन तास गेलेले असावेत. चटई किंवा सतरंजी, गुडघे दुखत असतील तर त्यांच्याखाली उशी, मान ताणली जात असेल तर डोक्याखाली पातळ घडी. जमिनीवरून उठणं जड जात असेल तर पलंगावर करा, खुर्चीत बसून केलं तरी चालतं. पंख्याखाली पातळ चादर जवळ ठेवा, कारण शरीर सैल झालं की गार वाटतं, आणि मधेच अंग तापलं तर ती बाजूला सारा. त्यासाठी साधना मोडली असं समजू नका.

पहिली दोन मिनिटं नुसता श्वास बघा. मग उजव्या हाताची मूठ वळा. हलकीच, पूर्ण जोराच्या अर्ध्याहून कमी. पाच-सात सेकंद. श्वास चालू ठेवा. आता सोडा. बोटं आपोआप जशी पडतील तशी पडू द्या आणि वीस-तीस सेकंद त्या हातात काय वाटतंय ते पाहा. जड वाटेल, मुंग्या येतील, कोमट वाटेल. मग डावा हात. मग खांदे कानांकडे उचला, सोडा. कपाळ आठ्या घालून आवळा, सोडा. डोळे मिटून घट्ट करा, सोडा. दात एकमेकांवर टेकवा, सोडा, आणि जीभ टाळूपासून खाली येऊ द्या. आपल्या बायकांचा निम्मा ताण जबड्यात आणि खांद्यात असतो, तिथे घाई करू नका, दोनदा करा. पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. पोटऱ्यांना गोळा येत असेल तर तिथे आवळायचं सोडून द्या, नुसतं लक्ष न्या.

इथे बीपी असलेल्यांसाठी एक सूचना फार महत्त्वाची आहे. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. जड हंडा उचलताना आपण श्वास रोखून कुंथतो, तेव्हा बीपी एकदम चढतं. स्नायू आवळताना तीच चूक होते. म्हणून आवळताना तोंडाने हळूच आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

अंग सैल झाल्यावर उरलेला वेळ श्वासाला द्या. मनात चारपर्यंत मोजत श्वास आत, सहापर्यंत मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. मानेतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये रक्ताचा दाब ओळखणारी केंद्रं असतात, दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि हृदय जरा मंदावतं. संथ श्वासाने या केंद्रांचं काम सुधारतं. चार-सहा मोजताना धाप लागली तर तीन-चार करा. दाते यांच्या रुग्णांसारखा मधला थांबा सुरुवातीला नको, श्वास रोखण्याची सवय लागायला नको म्हणून.

मन भटकेल. भटकलं की नाकपुडीशी परत आणायचं, स्वतःला रागावायचं नाही. झोप लागली तर लागू द्या, पण रोजच लागत असेल तर तुमची रात्रीची झोप अपुरी आहे. त्यात घोरणं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, झोपेत श्वास अडकण्यानेही बीपी वाढतं. आणि कुणाला डोळे मिटून पडल्यावर उलट जास्त घाबरं वाटतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून करावं. जमत नसेल तर संथ चालणं धरावं.

उठताना ताडकन उठू नका. आधी बोटं हलवा, कुशीवर वळा, अर्धा मिनिट थांबा, हाताच्या आधाराने बसा, मग उभ्या राहा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते.

गोळीचं काय?

हा भाग लिहिण्यासाठीच खरं तर मी हा लेख घेतला. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तीन आठवडे मनापासून शवासन केलं. बीपी १२८ आलं. त्यांनी कुणाला न विचारता गोळी बंद केली, कारण 'आता लागत नाही'. पंधरा दिवसांनी भाकरी थापताना उजवा हात अचानक लुळा पडला आणि बोलणं बोबडं झालं. अर्ध्या तासात ते परत आलं. त्यांना वाटलं गेलं ते, पण पुतण्याने ऐकलं नाही, लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बीपी १९० च्या वर होतं. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता. १२८ आलं होतं ते गोळी आणि शवासन दोन्ही मिळून, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि मीही त्यांना सांगितलं नव्हतं. शवासन मीच शिकवलं होतं.

गोळीचा डोस कमी होऊ शकतो, दाते यांच्या रुग्णांत काहींचा झालाही. पण तो डॉक्टरांनी वही बघून कमी करायचा. सात-आठ आठवड्यांचे आकडे असल्याशिवाय तो विषयही काढू नका. उपवासाच्या दिवशी 'रिकाम्या पोटी नको' म्हणून गोळी चुकवणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत. चतुर्थी, एकादशी, गुरुवार धरले तर महिन्यातले सात-आठ दिवस गोळीविना जातात. उपवास करायचाच असेल तर गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. शिवाय उपवासाच्या वेफर्समध्ये आणि चिवड्यात मीठ भरपूर असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधुक होणं यांपैकी काही असेल तर आडवं पडून श्वास मोजत बसू नका. तडक दवाखाना. हात-पाय किंवा बोलणं गेलं असेल तर आकडा कितीही असो, जाऊबाईंसारखं परत आलं असलं तरी.

वीस मिनिटं मिळणार कुठून?

पालकांशी आणि विशेषतः घरातल्या पुरुषांशी थोडं बोलते. आपल्या घरात बाई दिवसाउजेडी आडवी झाली की दोनच प्रश्न येतात, 'बरं नाही का?' किंवा 'काही काम नाही का?' त्यामुळे ती पडत नाही. पडली तरी कान कुकरच्या शिट्टीकडे असतात. अशा पडण्याने काही होत नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी या वर्षी एक गृहपाठ दिला. आईला किंवा आजीला वेळ ठरवून द्यायचा, आणि तेवढी वीस मिनिटं दार वाजलं तर आपण उघडायचं, फोन आपण घ्यायचा, गॅस आपण बघायचा. आठवड्याने वहीत लिहून आणायचं. एका मुलाने लिहिलं, "आई पहिल्या दिवशी तीन वेळा उठली. मी तिला तीन वेळा झोपवलं. चौथ्या दिवशी ती एकदाही उठली नाही." दुसरीने लिहिलं की आजीला आधी लाज वाटत होती, म्हणून तिने दार लावून घेतलं आणि दाराबाहेर अभ्यासाला बसली.

आमच्याकडे संध्याकाळी सव्वासहा ते पावणेसात ही वेळ ठरली आहे. आधी बीपी मोजायचं आणि मग आडवं व्हायचं, उलट नाही, म्हणजे रोजचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. गेल्या महिन्याची माझी सरासरी गोळीसकट १३२/८२ आहे. जाऊबाई आता आमच्याकडे आल्या की शेजारी सतरंजी टाकतात. आडव्या होण्याआधी त्या मला गोळीचं रिकामं पाकीट दाखवतात, मी न विचारता.

तुमच्या घरी किंवा स्टाफरूममध्ये वही सुरू केलीत तर त्यात चार रकाने पुरतात: तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, आणि शेवटी 'गोळी घेतली का'. आकडे कितीही चांगले येत असले तरी शेवटचा रकाना रोज भरा.